परेरा आडनाव पोर्तुगालमधून जगभर कसं पसरलं? सगळे परेरा एकाच मुळाचे का?

नंदाखालकर:
नमस्कार मंडळी. मी वसईचा, आडनाव परेरा. आमच्याच गावात परेरांची बरीच घरं आहेत आणि त्यातली निम्मी आमच्या भावकीतली नाहीत, म्हणजे परेरा-परेरा लग्नंही झालेली आहेत, त्यामुळे आडनाव एक म्हणजे नातं एक असं नसतं एवढं लहानपणापासून माहीत होतं. पण आता मुलगी शिकायला मॅसॅच्युसेट्सला गेलीय आणि तिथून रोज नवीन काहीतरी कळवते. तिच्या लॅबमध्ये एक जण आहे, आडनाव पेरी, तो म्हणाला आमचं खरं आडनाव परेराच, पणजोबा अटलांटिकमधल्या अझोर्स या पोर्तुगीज बेटांवरून आले होते. तिची घरमालकीण श्रीलंकेची, तीही परेरा, आणि ती बौद्ध! मग दोघं मिळून आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या साइटवर बसलो तर ब्राझील गडद, श्रीलंका गडद, पोर्तुगाल गडद, लक्झेंबर्गसारख्या एवढ्याशा देशात पण आहेत, आणि आपला कोकण किनारा आहेच. तर हे मूळ नेमकं कुठलं, एवढ्या लांब लांब कसं पोचलं, आणि कुणीतरी असंही म्हणालं की झाडाफळांची आडनावं म्हणजे मुळात ज्यू लोक असतात, यात किती तथ्य आहे? पोर्तुगालला जाऊन आमच्या घराण्याचा काही शोध लागेल का असंही मुलगी विचारतेय, तिची फार इच्छा आहे, म्हणून ज्यांना माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा.

जुनी_बखर:
छान प्रश्न. मी पोर्तुगालपासून सुरुवात करतो, पुढचं बाकीचे लिहितीलच.

हे गावावरून, जमिनीवरून पडलेलं आडनाव आहे. पेरेइरा म्हणजे नासपतीचं झाड. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो भागात, आजच्या व्हिला नोव्हा द फामालिकाऊ गावाजवळ या नावाची जमीन होती आणि ती ज्या सरदार घराण्याकडे होती त्यांनी ते नाव लावायला घेतलं, हे साधारण १२-१३व्या शतकातलं. या घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे नुनो आल्वारेस परेरा. १३८५ साली अल्जुबारोटाच्या लढाईत याने कॅस्टिलच्या, म्हणजे आजच्या स्पेनच्या, मोठ्या सैन्याला हरवलं आणि पोर्तुगाल स्वतंत्र राहिला. शेवटी सगळं सोडून मठात जाऊन राहिला, आणि २००९ मध्ये पोपनी त्याला संत घोषित केलं. त्याच्या मुलीचं लग्न राजाच्या मुलाशी झालं आणि त्यातून ब्रागांझा घराणं सुरू झालं, जे १६४० पासून पोर्तुगालच्या गादीवर बसलं. आता गंमत बघा, १६६१ च्या करारात मुंबई बेट ज्या कॅथरीन ऑफ ब्रागांझाच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं, ती या परेरा मुलीच्याच वंशातली. म्हणजे तुमच्या आडनावाचा मुंबईशी संबंध वसईच्या बाहेरूनही लागतो.

पण लगेच सांगतो, यावरून आपण त्या सरदाराच्या वंशातले असं धरू नका. खुद्द पोर्तुगालमधले सगळे परेराही त्याच्या वंशातले नाहीत. आज तिकडच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या पहिल्या पाच-सहा आडनावांत परेरा येतं. सिल्व्हा, सांतोस, फरेरा यांच्या बरोबरीने. एवढी माणसं एका घराण्यातून कुठून येणार. नासपतीची झाडं आणि त्यावरून नाव पडलेल्या वाड्या ठिकठिकाणी होत्या, शिवाय सरदाराच्या जमिनीवर राबणारी कुळं, नोकर, ज्यांच्या बाप्तिस्म्याला मालक उभा राहिला ते, असे सगळे हे नाव घेत गेले. आणि अजून एक गोष्ट आपल्याला चटकन लक्षात येत नाही कारण आपण बापाचं आडनाव पोराला असं गृहीत धरतो. पोर्तुगालमध्ये १९११ ला सरकारी जन्मनोंदणी सक्तीची होईपर्यंत असा पक्का नियमच नव्हता, एका भावाने आईकडचं नाव लावावं, दुसऱ्याने आजोबांचं, मुलीने एखाद्या संताचं, हे सर्रास चालायचं. आजही तिथे आधी आईचं मग बापाचं अशी दोन-दोन चार-चार आडनावं लागतात. ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांत एक वॉशिंग्टन लुईस परेरा द सौझा होता आणि त्याच्या आधी एक व्हेन्सेस्लाव ब्रास परेरा गोमेस, म्हणजे परेरा मध्येच अडकून बसलेलं. त्यामुळे तिथे आडनावावरून वंशवेल काढायला बसलं की दोन-तीन पिढ्यांत धागा सुटतो.

ब्राझील गडद दिसतो त्याची कारणं दोन. एक तर ३०० वर्षं पोर्तुगालहून, विशेषतः याच मिन्यो भागातून माणसं तिकडे जात राहिली. आणि दुसरं, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लाखो माणसांचे बाप्तिस्मे झाले, तेव्हा आणि पुढे १८८८ ला गुलामगिरी संपल्यावर कागदावर नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मालकांची, बाप्तिस्म्याला पालक म्हणून उभ्या राहिलेल्या गॉडफादरची, संतांची नावं घेतली. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे या बेटांच्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस परेरा, तो तर पोर्तुगालविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी. नाव पोर्तुगीज आणि लढाई पोर्तुगालशी.

मीरा_कोलंबो:
मी नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं कोलंबोत काढली, तर श्रीलंकेचं मी सांगते, आणि जरा लांबण लागणार आहे कारण मला वाटतं या आडनावाची सगळ्यात वेगळी गोष्ट इथेच घडलीय.

आपल्याकडे परेरा म्हटलं की डोळ्यासमोर ख्रिश्चन माणूस येतो. तिकडे परेरा म्हणजे आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं. शेजारी परेरा, भाजीवाला परेरा, बॅंकेतला मॅनेजर परेरा, आणि त्यातले बहुतेक सिंहली बौद्ध, पौर्णिमेला पांढरे कपडे घालून देवळात जाणारे. स्पेलिंगमधला एक आय तिकडे गळून गेलाय. क्रिकेट बघणाऱ्यांना थिसारा परेरा, कुसल परेरा, दिलरुवान परेरा माहीत असतीलच, २०१९ मध्ये डर्बनला शेवटच्या विकेटसाठी उभा राहून नाबाद १५३ करून टेस्ट जिंकून देणारा तो कुसल. हे तिघं एकमेकांचे कुणी नाहीत.

पोर्तुगीज १५०५ ला तिथे पोचले, मग कोलंबोत किल्ला बांधला, कोलंबोजवळच्या कोट्टे राज्याचा राजा धर्मपाल १५५७ ला बाप्तिस्मा घेऊन दॉन जुआंव झाला, आणि राजाच ख्रिश्चन झाल्यावर दरबारातले, गावचे मुखिया, किनाऱ्यावरचे कोळी, बऱ्याच जणांनी बाप्तिस्मा घेतला आणि परेरा, सिल्व्हा, फर्नांडो, मेंडिस, फोन्सेका ही नावं आली. १६५६ ला डचांनी कोलंबो घेतलं. ते प्रोटेस्टंट. त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकललं पण लोकांची नोंद ठेवायची पद्धत अजून घट्ट केली. थोम्बू नावाची त्यांची रजिस्टरं होती, जमिनीचं वेगळं, शाळा-चर्चचं वेगळं, आणि लग्न कायदेशीर ठरायला, जमीन मुलाच्या नावावर व्हायला, सरकारी काम मिळायला बाप्तिस्म्याची नोंद लागायची. मग लोक काय करत, चर्चमध्ये नाव नोंदवत आणि घरी बुद्धाची पूजा करत. पिढ्यान्‌पिढ्या. पुढे इंग्रज आले, ही सक्ती गेली, लोक उघड बौद्ध झाले पण आडनाव तोवर कागदोपत्री पक्कं झालेलं होतं.

नकाशात श्रीलंका गडद दिसते ना, तो नकाशा जरा झूम करून बघा. कोलंबो, मोरातुवा, पानदुरा, वत्तला, नेगोंबो असा पश्चिम किनारा भरलेला दिसेल. वर कॅंडीच्या डोंगरात गेलात की जुन्या घराण्यांत परेरा मिळणारच नाही, तिथे बंडारा, रत्नायके, दिसानायके, एकनायके. कारण कॅंडीचं राज्य १८१५ पर्यंत स्वतंत्र होतं, पोर्तुगीजांना आणि डचांना ते घेता आलं नाही. म्हणजे ४०० वर्षांपूर्वीची सरहद्द आजही टेलिफोन डिरेक्टरीत दिसते. आता नोकरीसाठी खाली-वर येणं-जाणं वाढलं त्यामुळे परेरा सगळीकडे पोचलेत, पण मूळ हे असं.

आणि मग इतक्या परेरांतून आपला माणूस ओळखायचा कसा? तर त्यांच्याकडे आडनावाच्या आधी घराण्याचं नाव असतं, त्याच्या शेवटी बहुतेक वेळा 'गे' येतं. कुसलचं पूर्ण नाव मथुरगे दॉन कुसल जनित परेरा. थिसाराचं नारंगोडा लियनाराच्चिलगे थिसारा चिरंत परेरा. म्हणूनच त्यांच्या नावाआधी एवढी इनिशियल्स असतात. लग्न जमवताना हे 'गे' नाव बघतात, परेरा कुणी विचारत नाही. खरं घराणं तिथे लपलंय, परेरा हा वरचा शिक्का.

नंदाखालकर:
मीराताई फारच छान लिहिलंत, मुलीला लगेच वाचून दाखवलं, ती आता घरमालकीणबाईंना त्यांचं 'गे' नाव विचारणार आहे. मग आमच्या वसईत असं काय आहे? आमच्याकडे पण परेरा वरचा शिक्काच असेल ना, खालचं नाव कुठे गेलं?

गिरीज_कुपारी:
नंदाखालकर, मी शेजारच्याच गावचा म्हणायचा.

आपल्याकडे खालचं नाव बहुतेक गेलं, ही खरी गोष्ट आहे. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, पाठोपाठ फ्रान्सिस्कन पाद्री आले, मग जेझुइट पाद्री आले, आणि वसई, साष्टी, ठाणे, मुंबई या पट्ट्यात धर्मांतरं झाली. बाप्तिस्मा देताना गॉडफादर म्हणून एखादा पोर्तुगीज अधिकारी, जहागीरदार, सैनिक, कधी पाद्री स्वतः उभा राहायचा आणि त्याचं आडनाव त्या घराला मिळायचं. एकाच दिवशी वाडीतल्या पाच घरांना एकच माणूस गॉडफादर असेल तर पाचही घरं परेरा झाली, रक्ताचं नातं असो नसो. आणि दोन सख्ख्या भावांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या वेळी झाले तर एक परेरा आणि एक लोपीस. म्हणून तुमच्या गावात परेरा-परेरा लग्न होतं आणि कदाचित एखाद्या लोपीस घराशी तुमचं जुनं रक्त एक असेल, ज्याचा आता कुणाला पत्ता नाही. आपण वसईचे सामवेदी ख्रिश्चन स्वतःला कुपारी म्हणतो, तो शब्द कोंपाद्रे वरून आला असं आपल्यात सांगतात, म्हणजे मुलाचा बाप आणि गॉडफादर यांचं आपापसातलं नातं. आडनावं ज्या नात्यातून आली तेच समाजाचं नाव झालं.

परेरा तुम्हाला सामवेदी कुपारींत मिळेल, वाडवळांत मिळेल, कोळ्यांत मिळेल, उत्तनला मिळेल, मुंबईच्या ईस्ट इंडियनांत मिळेल. साकीनाक्याला परेरावाडी आहे बघा. जात वेगळी, बोली वेगळी, लुगडं नेसायची पद्धत वेगळी आणि आडनाव एक. आडनाव जातीच्या रेषा ओलांडून गेलं पण जात तशीच राहिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बाहेरचे लोक आम्हाला सगळ्यांना एकाच मापात मोजतात. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले, पण नावं राहिली, मराठ्यांच्या राज्यात परेरा, डाबरे, डिमेलो, तुस्कानो आपापल्या वाड्या कसत होतेच. नंतर १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चनांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, कारण गोवा-मंगळूरहून आलेल्या लोकांची आणि यांची आडनावं तीच, सरकारी नोकरीत कोण कुठला कळेना. एकसारखी आडनावं होती म्हणून वेगळं नाव काढावं लागलं.

गोव्यात जरा बरं आहे. तिथे गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामायिक जमिनीची व्यवस्था होती, पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं पण मोडली नाही, त्यामुळे गावकार घराण्यांची वांगडं, म्हणजे कुळं, कागदावर राहिली आणि वर्षाच्या झोणाच्या, म्हणजे उत्पन्नातल्या वाट्याच्या, वाटपासाठी पुरुषांची नावं लागत गेली. म्हणून कुणा परेराला आपण आधी कामत होतो की प्रभू होतो की नाईक होतो हे सांगता येतं. मंगळूरच्या कॅथलिकांतही प्रभू, शेणॉय, पै अशी जुनी कुळनावं बरीच घरं अजून जपून आहेत, तेही मुळात गोव्याहूनच गेलेले. आपल्याकडे उत्तरेत असं काही सलग टिकलेलं नाही, आणि १७३९ च्या आधीचं तर फारच तुटक.

जाता जाता, वसई-गोव्यापलीकडेही किनाऱ्याने खाली जा. तमिळनाडूत थुथुकुडीचे परवर, म्हणजे किनाऱ्यावरचे कोळी, १५३०च्या दशकात ख्रिश्चन झाले, तिथे फर्नांडो जास्त पण परेरा आहेत. केरळात कोल्लम-त्रिवेंद्रम किनाऱ्यावर लॅटिन कॅथलिकांत आहेत. पूर्वेला बांगलादेशात ढाक्याजवळच्या भावाल भागात गोमेस, रोझारिओ, कोस्टा आणि परेरा. मलाक्कात आहेत, आणि इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर मौमेरेकडे तेच नाव 'पारेइरा' असं लिहितात. जहाजं जिथे जिथे लागत होती तो सगळा रस्ता या नावाने आखता येतो.

अनघा_प्रॉव्हिडन्स:
नंदाखालकर काका, तुमच्या मुलीच्या लॅबमधला पेरी अगदी खरं सांगतोय. मी मॅसॅच्युसेट्सला लागून असलेल्या ऱ्होड आयलंडला राहते, इथून फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड ही मॅसॅच्युसेट्सची शहरं जवळ आहेत आणि या पट्ट्यात पोर्तुगीज बेकऱ्या, पोर्तुगीज चर्च, पोर्तुगीज बॅंड, सगळं आहे.

इथे मुख्य पोर्तुगालहून फार कमी लोक आले, आले ते अझोर्सहून, थोडे मदेरा या दुसऱ्या पोर्तुगीज बेटाहून आणि केप व्हर्देहून. सुरुवात व्हेल मासे मारणाऱ्या जहाजांनी झाली. न्यू बेडफर्डची जहाजं अझोर्सला पाणी-भाजी घ्यायला थांबायची आणि तिथली पोरं खलाशी म्हणून भरून घ्यायची, पोरांना पण सैन्यातली सक्तीची भरती चुकवायची असायची. मग १९व्या शतकाच्या शेवटी फॉल रिव्हर-न्यू बेडफर्डच्या कापड गिरण्या वाढल्या आणि अख्खी कुटुंबं आली. त्या काळात गिरणीतल्या मुकादमाला, शाळेतल्या बाईंना जे नाव नीट घेता येईना ते बदललं. परेरा चं पेरी झालं, रॉड्रिग्ज चं रॉजर्स, सिल्व्हा चं सिल्व्हिया. काहींनी स्वतःहून बदललं कारण इंग्लिश वाटणाऱ्या नावाला काम पटकन मिळायचं. एअरोस्मिथ बॅंडचा गिटारिस्ट जो पेरी, त्याच्या वडिलांकडचं कुटुंब मदेराचं, मूळ नाव परेरा. याउलट सॅन फ्रान्सिस्कोचा तो उंच निमुळता ट्रान्सअमेरिका पिरॅमिड ज्याने डिझाइन केला तो विल्यम परेरा, त्याच्या घराने नाव तसंच ठेवलं.

त्यामुळे नकाशात न्यू इंग्लंड, म्हणजे अमेरिकेचा हा ईशान्य कोपरा, जेवढा गडद दिसतो त्यापेक्षा खरं जास्त गडद आहे, बरेच परेरा पेरीच्या खाली झाकले गेलेत. आणि पेरी हे अस्सल इंग्लिश आडनावही आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून कोण कुठला ओळखायची सोयच नाही.

दुसरी लाट नंतर आली. १९५७ ला अझोर्सच्या फायाल बेटाजवळ कापेलिन्योस ज्वालामुखी उसळला, वर्षभर राख पडत होती, शेतं आणि घरं गाडली गेली. त्या लोकांना येऊ द्यावं म्हणून १९५८ ला अमेरिकेत खास कायदा झाला, तो मांडणाऱ्या सिनेटरांत जॉन केनेडी होते, मॅसॅच्युसेट्सचेच ना. पुढे १९६५ ला इमिग्रेशनचा कायदाच बदलला आणि नातेवाईकांना बोलावता यायला लागलं तेव्हा अजून खूप आले. हे जे नंतर आले त्यांनी नाव बदललं नाही. म्हणून इथे एकाच कुटुंबात जुने चुलत पेरी आणि नवे चुलत परेरा असं बघायला मिळतं, आणि हल्ली तर काही तरुण पेरी कोर्टात अर्ज करून परत परेरा लावून घेतात.

मदेराची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. तिथून १८३५ पासून माणसं ब्रिटिश गयानाला उसाच्या मळ्यांवर गेली, गुलामगिरी संपल्यावर मजूर हवे होते म्हणून. तीन वर्षांनी, १८३८ ला, आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, त्याच मळ्यांवर पोचले. मदेराला मग बटाट्याचा रोग आला, द्राक्षांचा रोग आला, उपासमार झाली, अजून माणसं गेली. गयाना-त्रिनिदादचे परेरा हे असे, आणि १८७८ पासून हवाईला गेलेले पण असेच उसासाठी.

जुनी_बखर:
ज्यूंचा मुद्दा राहिला होता तो घेतो कारण याबद्दल इंटरनेटवर फार चुकीचं पसरलंय.

झाडाचं किंवा फळाचं आडनाव म्हणजे ज्यू, हे खरं नाही. परेरा हे जुन्या ख्रिश्चन सरदारांचं नाव होतं हे वर आलंच, ऑलिव्हेराही तसंच. झालं असं की १४९६च्या शेवटी राजा मानुएलने ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला आणि १४९७ ला जाऊ न देता जबरदस्तीने बाप्तिस्मे दिले. त्यांनी आजूबाजूला जी नावं चालत होती तीच घेतली, त्यात परेरा पण. वेगळी झाडाझुडपांची यादी कुणी त्यांना दिली नव्हती, उलट लपून राहायचं तर सगळ्यांसारखंच नाव बरं. पुढे इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाचाने त्यातले अनेक पळून अॅम्स्टरडॅम, हॅम्बुर्ग, बोर्दो, लंडन, कॅरिबियनमधलं कुरसाव इकडे गेले आणि तिथे उघडपणे ज्यू झाले. अॅम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंत परेरा मोठे व्यापारी होते. फ्रान्समध्ये जाकोब रॉड्रिग्ज परेराने १८व्या शतकात मूकबधिर मुलांना बोलायला शिकवलं, त्याचे नातू एमिल आणि इझाक, फ्रेंच पद्धतीने पेरेर, त्यांनी १८५२ ला क्रेदी मोबिलिए ही बॅंक काढली, रेल्वे बांधल्या, पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे.

तर उलट असं म्हणता येईल की अॅम्स्टरडॅमच्या जुन्या ज्यू कबरस्तानातला परेरा हा नक्की ज्यू, पण परेरा म्हणजे ज्यू असं नाही. पोर्तुगालने २०१५ पासून सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व द्यायला सुरुवात केली होती, नंतर २०२२ ला नियम कडक केले, तेव्हा नुसत्या आडनावावर भरवसा ठेवून पुष्कळ लोकांनी पैसे भरून वंशावळी करून घेतल्या. तसं करू नका.

सह्याद्री_९१:
सगळं वाचलं, माहिती चांगली आहे. पण मला प्रामाणिकपणे विचारायचंय, हे नाव लादलं गेलं हे तुम्हीच सगळे सांगताय, मग आता ते ठेवायचं कशाला? श्रीलंकेत तर म्हणे बऱ्याच लोकांनी बदललं.

मीरा_कोलंबो:
हो, बदललं. १९व्या शतकाच्या शेवटी तिथे बौद्ध चळवळ उभी राहिली, तिचे पुढारी अनागारिक धर्मपाल, त्यांचं जन्माचं नाव दॉन डेव्हिड हेवावितारणे. त्यांनी पुढाकार घेतला आणि पुष्कळ शिकलेल्या घरांनी पोर्तुगीज नावं टाकून सिंहली नावं घेतली. आजही वर्तमानपत्रात नाव बदलल्याच्या जाहिराती येतात. पण तरी लाखो लोक परेराच राहिले, आणि त्यात कट्टर देशभक्तही आहेत. ई. डब्ल्यू. परेरा हे १९१५ च्या दंगलीनंतर इंग्रजांच्या गोळ्या घालायच्या हुकुमाचा कागद बुटाच्या तळव्यात लपवून लंडनला घेऊन गेले, आणि कॅंडीच्या शेवटच्या राजाचा सिंहाचा झेंडा लंडनमध्ये शोधून काढण्यात त्यांचा मोठा वाटा, तोच सिंह आज त्यांच्या राष्ट्रध्वजावर आहे. एन. एम. परेरा कम्युनिस्ट विचारांचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, पुढे अर्थमंत्री झाले. त्यांना कुणी परकं म्हटलं नाही.

नंदाखालकर:
सह्याद्री भाऊ, राग नाही, पण मनापासून सांगतो. माझ्या आजोबांनी या नावाने वाडी कसली, सातबाऱ्यावर हेच नाव आहे, स्मशानात दगडावर हेच नाव आहे, आणि मराठी शाळेत मास्तरांनी हजेरीत हेच नाव घेतलं. ४०० वर्षांपूर्वी आमच्या माणसाला विचारून दिलं की न विचारता, हे मला आज कळायला मार्ग नाही. पण त्यानंतर पंधरा-वीस पिढ्यांनी ते आपल्या घामाने आपलं केलंय. त्या आधीचं नाव सापडलं तर मला फार आनंद होईल, मी ते मुलांना सांगेन, दारावर पण लिहीन परेराच्या खाली. परेरा पुसून नाही.

म्हापसेकार:
उशिरा आलो. लक्झेंबर्ग आणि पासपोर्टचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण नकाशा आत्ता सगळ्यात जास्त तिथेच बदलतोय.

१९६०च्या दशकात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गरिबी, त्यात आफ्रिकेतल्या वसाहतींत युद्ध, तरुणांना तिकडे पाठवत होते, त्यामुळे लाखो पोर्तुगीज चोरवाटेने डोंगर ओलांडून फ्रान्सला गेले, बांधकामावर राबले. तिथून पुढे लक्झेंबर्ग. आज लक्झेंबर्गच्या लोकसंख्येत साधारण १३ टक्के लोक पोर्तुगीज आहेत, सगळ्यात मोठा परदेशी समाज तोच, मग परेरा गडद दिसणारच. म्हणजे हे पोर्तुगालहून थेट गेलेले, ताजे.

आणि गोव्याचे परेरा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगीज नागरिक होता आणि पोर्तुगालच्या कायद्याने त्याला, त्याच्या मुलांना, नातवंडांना लिस्बनला जन्मनोंदणी करून नागरिकत्व मिळवता येतं. यात धर्म बघत नाहीत, आडनावही बघत नाहीत. तो पासपोर्ट घेऊन लोक लिस्बनला थांबले नाहीत, युरोपियन युनियनमुळे थेट इंग्लंडला गेले, स्विंडनला तर गोंयकारांचा मोठा समाज झालाय. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपल्यावर, तो रस्ता बंद झाला, जे आधी पोचले ते राहिले. त्याआधीची पिढी नैरोबी, कंपाला, कराचीला गेलेली होती, युगांडातून १९७२ ला इदी अमीनने हाकलल्यावर तिथून इंग्लंड-कॅनडा. टोरांटोत आज जो परेरा भेटेल तो अझोर्सचा असू शकतो, गोव्याचा नैरोबीमार्गे आलेला असू शकतो, मंगळूरचा दुबईमार्गे आलेला असू शकतो, कोलंबोचा असू शकतो. तिघा-चौघांना आडनाव सोडून काही सामायिक नाही.

नंदाखालकर बाब, तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की वसईकरांना हा पासपोर्टचा रस्ता नाही. वसई १७३९ ला सुटली. कुणी एजंट परेरा आडनावावर करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

नंदाखालकर:
पासपोर्ट नकोच आहे हो, मुळं हवीत. मग मुलीला काय सांगू, पोर्तुगालला जाऊन उपयोग नाही ना?

गिरीज_कुपारी:
फिरायला जाऊ दे, घराणं शोधायला नको. ज्या पोर्तुगीज परेराने तुमच्या पूर्वजाला नाव दिलं त्याचं घर सापडलं तरी ते तुमचं घर नाही. शोध इकडे करायचा. पणजोबांपासून सुरू करा, बाप्तिस्म्याचा आणि लग्नाचा दाखला पॅरिशमधून, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमधून, काढा, लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईबाप आणि साक्षीदार असतात त्यावरून एक पिढी मागे जाता येतं, आणि गॉडफादर-गॉडमदरची नावं मुद्दाम उतरवून घ्या, भावकी तिथून कळते. जुनी पानं पोर्तुगीजमध्ये असतील पण ठरावीक साच्याची असतात, दहा-बारा शब्द शिकले की वाचता येतात. वसई धर्मप्रांत १९९८ ला वेगळा झाला, त्याआधी आपण मुंबईखाली आणि त्याच्या आधी बऱ्याच पॅरिश दमणच्या बिशपांखाली, त्यामुळे एखादी वही गावात नसेल तर संपलं असं समजू नका, वर विचारा. आणि जोडीला जमिनीचे जुने कागद बघा, त्यात कधीकधी आडनावाऐवजी घराचं, वाडीचं नाव असतं. आपल्याकडे घरांना जी टोपणनावं आहेत ना, तीच माझ्या मते आपली 'गे' नावं. तुमच्या घराला गावात काय म्हणतात?

नंदाखालकर:
आमच्या घराला 'माळकर' म्हणतात, जुनी माणसं अजून तसंच म्हणतात, आणि गंमत म्हणजे शेजारच्या आळीत एका लोपीसांच्या घरालाही तेच म्हणतात. कधी विचारच केला नव्हता. रविवारी मिस्साला त्यांच्याकडचे म्हातारे काका भेटतात, विचारतो आणि पॅरिशमध्ये फादरांशी पण बोलून घेतो.

गिरीज_कुपारी:
जरूर विचारा. आणि लोपीसांच्या लग्नाच्या नोंदी पण त्याच वेळी बघून घ्या, दोन्ही घरांचे गॉडफादर एकमेकांत येतात का ते बघा.